कडेचं शेवटचं वलय

हाडावर करवत चालवायची वेळ आली की अजूनही माझा हात क्षणभर थांबतो. गेली आठ वर्षं मी हेच काम करते आहे: जीवाश्म झालेली हाडं कापायची, पातळ काप काचपट्टीवर चढवायचे, मायक्रोस्कोपखाली वाचायचे. तरीही थांबतो. सुमारे २२ कोटी वर्षं खडकात टिकलेल्या वस्तूचे आपल्या हातून दोन तुकडे होतात आणि पुन्हा ती पहिल्यासारखी होत नाही. म्हणून आधी फोटो, मापं, साचा, परवानगीचा कागद. मगच हिऱ्याच्या कडेचं पातं.

त्या मंगळवारी टेबलावर होतं एका मेटोपोसॉरचं मांडीचं हाड. चपट्या डोक्याचा, मगरीसारखा पाण्यात दबा धरून बसणारा उभयचर, डोळे कवटीच्या पार पुढे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मालेरीच्या तांबड्या खडकातून हे हाड आलेलं. प्राणहिता सिरोंच्याच्या अंगाने वाहते आणि मी चंद्रपूरची. आमच्याच जिल्ह्यातल्या मांगलीत मिळालेल्या अशाच एका जुन्या उभयचराच्या कवटीचं वर्णन इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली केलं होतं. शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

हाड माझ्या करंगळीपेक्षा थोडंसंच लांब. नोंदवहीत त्याच्यापुढे लिहिलेलं होतं : 'पिल्लू?'

काप घासायचं काम मी मशीनवर अर्ध्यापर्यंतच करते. पुढचं हाताने. काचेच्या तावदानावर सिलिकॉन कार्बाइडची पूड, चार थेंब पाणी आणि काचपट्टी आठच्या आकड्यात फिरवत राहायची. काप केसाच्या जाडीइतका झाला की उजेड आरपार जायला लागतो. दर दहा फेऱ्यांनी उचलून बघायचं, कारण अकराव्या फेरीत हाड नाहीसं होऊ शकतं.

दुपारी बाराच्या सुमारास उचलून बघितलं तर कडेला चंद्रकोरीसारखी पांढरी फट. हाड धरून ठेवायला भरलेलं रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, हाडापासून सुटत होतं आणि सुटताना बाहेरचा थर सोबत ओढत होतं. चूक माझीच होती. रेझिन भरताना मी व्हॅक्यूम लवकर बंद केला होता, बारीक छिद्रांत ते पुरतं शिरलंच नव्हतं.

कड गेली म्हणजे काय गेलं, हे सांगायला हवं. हाड बाहेरून वाढतं, झाडासारखं. अन्नपाणी भरपूर असतं तेव्हा रक्तवाहिन्यांच्या छिद्रांनी भरलेला रुंद पट्टा तयार होतो. तंगीच्या दिवसांत वाढ मंदावते आणि अरुंद, घट्ट वलय पडतं. वाढ पूर्ण थांबली तर उमटते एक बारीक काळी रेघ. सगळ्यात बाहेरची कड म्हणजे त्या प्राण्याचे शेवटचे दिवस. तीच उचकटत होती.

"हात काढ तिथून," मॅडम मागून म्हणाल्या. "सुईने पातळ गोंद सोड. आणि तासभर त्याच्याकडे बघू नकोस."

सुईच्या टोकाने एकेक थेंब सोडला. फटीने तो आपोआप आत ओढून घेतला. मग तासभर वाट बघणं.

त्या तासात माझ्या डोक्यात अॅकँथोस्टेगा होता. या कामात मी आले तीच त्याच्यामुळे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा, पूर्व ग्रीनलंडमधला, हातपाय आणि बोटं असलेल्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक. पुढच्या पंजाला आठ बोटं! जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक यांनी १९८७ च्या मोहिमेत त्याचे सांगाडे आणले. पुढे फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रात, हाड न कापता, क्ष-किरणांनी त्याच्या दंडाच्या हाडातली वलयं वाचली गेली; तो अभ्यास २०१६ साली आला. एकाच ठिकाणी मेलेले ते सगळे प्राणी मोठे दिसत होते, पण निघाले सगळे न वयात आलेले, काही सहा वर्षांचे होऊनही. आणि दंडाचं हाड बराच काळ कूर्चेचंच राहिलेलं. मऊ कूर्चेच्या पायांवर अंग तोलून जमिनीवर चालता येत नाही. म्हणजे पाय होते, बोटं होती, आणि तरी बालपण सगळं पाण्यातच गेलं. पाय चालण्यासाठी आले असं आपण सहज धरून चालतो. ते पाण्यातच आले, चालणं मागाहून आलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट त्या दिवशी आठवत राहिली : हाड कडक व्हायला लागण्याचं माप सगळ्यांत सारखं नव्हतं. कुणी लहान असतानाच, कुणी बरंच मोठं झाल्यावर. लांबीवरून वय काढू नये.

दीड वाजता गोंद धरला होता. सगळ्यात बारीक पूड घेतली, तीन-तीन फेऱ्या, दरवेळी उचलून. कड राहिली. पोलराइज्ड उजेडात ठेवलं आणि अरुंद वलयं सोनेरी चमकली. एक, दोन, तीन, चार. किमान चार म्हणायचं, कारण मधलं जुनं हाड शरीर स्वतःच पोखरून टाकतं आणि सुरुवातीची वलयं त्यात जातात.

करंगळीएवढं हाड, पण पिल्लू नव्हे.

मग काळी रेघ शोधायला लागले. मालेरीत पावसाळा आणि कोरडा काळ आलटून पालटून यायचे, त्यामुळे ती असेल असं वाटत होतं. कापाचा सगळा घेर फिरले, दोनदा. एकही नाही. २०२० साली याच मालेरीच्या मेटोपोसॉरवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच होतं : वाढ मंदावते, थांबत नाही. मोरोक्कोतल्या त्यांच्या नातलगांत मात्र थांबल्याच्या रेघा स्पष्ट आहेत. मी ते वाचलेलं होतं. पण आपल्या हाताने घासलेल्या कापात, आपल्या डोळ्यांनी, कोरड्या दिवसांतही न आटलेलं पाणी दिसणं वेगळं असतं. कुठेतरी डबकं टिकून होतं आणि हा त्यात होता.

मॅडमना बोलावलं. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या. "कड बघितलीस?"

"हो. शेवटच्या अरुंद वलयाबाहेर रुंद पट्टा आहे. छिद्रंही मोकळी."

"कुठे संपतोय?"

"मध्येच, मॅडम. पुरा झालेलाच नाही."

त्या बाजूला झाल्या आणि मी पुन्हा बघितलं. गोंदाची बारीक रेघ ओलांडली की लगेच ती छिद्रं, रक्त वाहत असतानाची, उघडी. दिवस भरभराटीचे होते, तो वाढत होता आणि त्यातच गेला.

संध्याकाळी नोंदवहीत 'पिल्लू?' वर आडवी रेघ मारली आणि पेन्सिलने लिहिलं : किमान चार वर्षं. मृत्यू वाढीच्या हंगामात.