फ्लेमिंगो बघायला गेलो, खांब बघून आलो

आमची आत्येबहीण हैदराबादेत मोठ्या भूकंपांवर संशोधन करते. मार्चमध्ये दोन दिवस ठाण्याला आली होती. पहिल्या दिवसाचं सांगण्यासारखं एवढंच, की मिसळीने तिच्या डोळ्यांतून पाणी काढलं.

दुसऱ्या दिवशी लोकलने नेरूळ. भरतीची वेळ गाठायची होती, कारण खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो तलावात येऊन उभे राहतात. मी भराभरा चालतोय आणि ही बाई एका सोसायटीच्या फाटकाशी थांबली ती हलेचना. वर सात मजले, खाली नुसते खांब आणि गाड्या.

“दादा, 2001 च्या भूज भूकंपात अहमदाबादला अशाच कितीतरी इमारती पडल्या. आणि भूज तिथून दोनशे किलोमीटरहून लांब!”

वरच्या मजल्यांना भिंती असतात, ते सगळे मिळून एका ठोकळ्यासारखे हलतात, म्हणाली. खाली भिंतच नाही, मग सगळं वाकणं या खांबांच्या वाट्याला येतं. त्यात जमीन मऊ गाळाची असली तर हादरा आणखी वाढतो. 1985 साली मेक्सिको सिटीपासून भूकंप साडेतीनशे किलोमीटरवर होता. पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं, त्यामुळे वाताहत झाली.

मी खाडीच्या दिशेने पाहिलं. वॉचमन आमच्याकडे पाहत होता.

“आपल्याकडे कधी होणार मोठा?” मी विचारलं.

“तारीख कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर खांब बघायचे.”

तलावापाशी पोचेपर्यंत ओहोटी लागली होती. लांबवर गुलाबी ठिपके, बाकी कॅमेरेवाल्यांची गर्दी. उन्हात तंगडतोड करून एवढंच! चिडलो होतो, पण परतीच्या लोकलमध्ये गप्प बसलो त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या सोसायटीने पार्किंगमधली एक भिंत पाडून दोन गाड्यांची जागा काढली. त्या ठरावाला अनुमोदन माझं, आणि दोनातली एक जागाही मलाच मिळाली.

घरी आलो तर ती लिफ्टकडे जायच्या ऐवजी पार्किंगमध्ये शिरली. एका खांबावरून हात फिरवला. विटांचे वण अजून तसेच होते.

“इथे भिंत होती ना रे दादा?”

“हो, पूर्वी होती.”

शेजारची गाडी कुणाची, ते मी सांगितलं नाही.