आप्पांचं पेव

रावेर तालुक्यातल्या एका पॅकहाऊसवर मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. केळी १३ अंशांवर कंटेनरमध्ये गेली, सील लागलं, की माझं काम संपलं. त्या दिवशी जॉर्जियाचे एक सरकारी पाहुणे आले. बघायची होती केळी, पण पिशवीतून निघाली वाइनची बाटली!

जेवण आप्पांच्या ओट्यावर. कळण्याची भाकरी, भरीत. आप्पा माळकरी, त्यामुळे बाटली बघून मलाच घाम फुटला. पाहुण्यांनी ती उघडली नाही. समोर ठेवली आणि सांगत बसले. मी दुभाष्या.

२००६ साली रशियाने त्यांच्या वाइनवर बंदी घातली. बहुतेक माल तिकडेच जायचा. मग सरकार स्वतःच गिऱ्हाईक शोधायला देशोदेशी फिरलं. रशियाचं दार उघडलं २०१३ मध्ये.

"एकाच गिऱ्हाइकावर बसलं की असंच होतं," आप्पा म्हणाले. केळी न्यायला उत्तरेकडच्या गाड्या दोन दिवस आल्या नाहीत तर बोर्डाचा, म्हणजे बाजार समितीने जाहीर केलेला भाव कागदावरच राहतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मी मध्येच शुल्काचा विषय काढला. सवयच ती. भारताशी झालेल्या २०२२ च्या व्यापार करारात ऑस्ट्रेलियाने ५ अमेरिकी डॉलरच्या वरच्या वाइनच्या बाटलीवरचं भारताचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणून घेतलं, पुढे आणखी उतरायचं ठरलं. पाहुणे कसनुसं हसले. त्यांना ते पाठ होतं.

मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला, माणूस आत उतरेल एवढा मातीचा रांजण. नाव क्वेव्री. द्राक्षाचा रस त्यातच आंबतो, त्यातच मुरतो. ही रीत २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, आणि आता ते लोक बाटलीच्या आधी हा रांजणच दाखवतात.

आप्पांनी चष्मा वर केला. "हे तं आपलं पेव होय!"

भाकरी तशीच टाकून सगळे मागच्या अंगणात. ज्वारी भरायचं जुनं पेव, कित्येक वर्षं बंद. नातवाने फरशी सरकवली. पाहुणे बूट काढून वाकायला लागले, तशी आप्पांनी त्यांची कॉलरच धरली.

"थांबा भो, हवा कोंडलेली असते." आणि दोरीला कंदील बांधून आत सोडला.

मी भाषांतर करणार, तोवर पाहुणेच बोलले. त्यांच्याकडेही क्वेव्रीत उतरण्याआधी मेणबत्ती सोडतात म्हणे.

कंदील विझला नाही.