फी माफ झाली, पण बुटांचं काय?

गरीब घरातल्या पोरांच्या खेळासाठी देणगी म्हटलं की आधी ट्रॉफी, टी-शर्ट आणि फोटो, पण पोरांचा खेळ सुटतो तो भलत्याच कारणांनी. फी माफ असते हो, पण रोज ग्राउंडवर जायचं बसभाडं कोण देणार, त्यात वाढत्या वयात पाय वाढतो, स्पाइक्स, म्हणजे धावायचे खिळ्यांचे बूट, बोटांना चावायला लागतात आणि पोरगी काही न बोलता यायचीच बंद होते. २००० साली मोनॅकोत लॉरियस या जागतिक क्रीडा पुरस्कारांच्या पहिल्या सोहळ्यात नेल्सन मंडेला खेळाच्या ताकदीवर बोलले होते, लॉरियसचं फाउंडेशन आजही अशा कामांना पैसा देतं, खूप मोठं काम आहे ते. मला मनापासून वाटतं, फंड एका स्पर्धेपुरता नको, दोन-तीन वर्षांचा द्या, आणि कोचचा पगार त्यातच धरा.