फोन सगळ्यांचे वाजवता येतात, पण वाजवायचे कधी?

सोसायटीच्या ग्रुपवर मूल हरवल्याचा फॉरवर्ड आला की खाली कुणीतरी हटकून विचारतं: अमेरिकेत सगळ्यांचे फोन एकदम वाजतात, तसं पुण्यात का होत नाही? तंत्राची अडचण नाही. २०२३ मध्ये सरकारी चाचणीचा इशारा आला तेव्हा अनेकांचे फोन कर्कश वाजलेच होते. त्यालाच सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसेमेस प्रत्येक नंबरला वेगळा जातो. इथे टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टापूतले सगळे फोन ऐकतात. नंबरांची यादी लागत नाही, आणि विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर कॉल लागत नसला तरी इशारा पोचू शकतो. आपल्याकडे ही सोय उभी राहिली ती मुख्यतः पूर-वादळासारख्या आपत्तींसाठी.

अमेरिकेतला अ‍ॅम्बर अलर्ट, म्हणजे अपहरण झालेल्या मुलांसाठीचा तो इशारा, १९९६ मध्ये टेक्सासच्या डॅलस-फोर्ट वर्थ भागात सुरू झाला, तो नऊ वर्षांच्या अ‍ॅम्बर हॅगरमनच्या अपहरण आणि खुनानंतर. आधी रेडिओ-टीव्हीवर, आणि २०१३ पासून थेट मोबाइलवर. त्यातला खरा ऐवज भोंगा नसून चाळणी आहे. अपहरण झाल्याची पोलिसांची सकारण खात्री हवी, मूल १७ वर्षांपर्यंतचं हवं, जिवाला धोका किंवा गंभीर इजेची भीती हवी, आणि लोकांना ओळखता येईल इतकं वर्णन हवं. शिवाय नोंद राष्ट्रीय गुन्हे यंत्रणेत चढलेली हवी. घर सोडून गेलेला किशोर किंवा ताब्याच्या भांडणात एका पालकाने नेलेलं मूल यात आपोआप बसत नाही, धोका दिसावा लागतो.

इतकी कंजुषी का? मजकुराला जुन्या फोनवर ९० आणि नव्यांवर ३६० अक्षरंच मिळतात. ‘पांढरी गाडी’ एवढंच सांगितलं तर हजारो गाड्या संशयित होतात आणि कंट्रोल रूमचे फोन निरुपयोगी माहितीने भरतात. वरचेवर रात्री-अपरात्री वाजवलं की लोक सेटिंगमध्ये जाऊन इशाराच बंद करून टाकतात.

चाळणी नसली की काय होतं, हे महाराष्ट्राने बघितलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्यामागे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा होत्या. म्हणून तारीख, पोलीस ठाणं आणि गुन्ह्याची नोंद नसलेला फॉरवर्ड मी तरी पुढे ढकलणार नाही.

आता कामाचं. मूल दिसेनासं झालं तर आधी ११२, मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. ‘चोवीस तास थांबा’ असा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा म्हणून नोंदवावी. ठाणे अंमलदार नुसतं ‘मिसिंग’ लिहून घेत असतील तर एफआयआरचा आग्रह धरा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आयुक्तालयं वेगळी आहेत, त्यामुळे हद्दीचा घोळ होतो. अशा वेळी झिरो एफआयआर मागा, ती कुठल्याही ठाण्यात होते.

सोबत चेहरा समोरून दिसणारा अलीकडचा फोटो, उंची, त्या दिवशीचे कपडे, चप्पल, शरीरावरची खूण आणि शेवटचं ठिकाण व वेळ द्या. गाडी पाहिली असेल तर ‘एमएच १२’ एवढ्याने भागत नाही, शेवटचे चार आकडे जास्त उपयोगी. आसपासच्या दुकानदारांना फुटेज लगेच वेगळं काढायला सांगा, कारण सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर जुन्यावर नवीन चढवत जातो. त्याचं घड्याळ बऱ्याचदा चुकीचं असतं, म्हणून मोबाइलच्या वेळेशी फरक लिहून ठेवा.

मूल सापडलं की फोटो सगळीकडून काढा. काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं, आणि तो फॉरवर्ड मात्र पुढची कित्येक वर्षं फिरत राहतो.