जुनी एमजीबी एका टाकीत कुठवर नेते : माझा अनुभव

जुन्या स्पोर्ट्स कारचे ॲव्हरेज किती, हा प्रश्न सांगलीत गाडी उभी केली की कुणीतरी विचारतोच; परंतु गाडीचे मालक असलेल्या माझ्या मामांचा प्रश्न त्याहून नेमका होता. "पेट्रोल किती पिते ते मला सांगू नकोस, एकदा टाकी भरली की कुठवर नेईल तेवढं सांग," असे म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हाती दिली. मामींना घेऊन महाबळेश्वरला जायचे आणि वाटेत प्रत्येक पंपावर न थांबता परत यायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. सांगलीहून इस्लामपूर, पेठ नाका आणि कराड करत सातारा सुमारे १२० किलोमीटर पडते, तिथून मेढा मार्गे महाबळेश्वर आणखी ५५. म्हणजे जाऊन-येऊन साडेतीनशे.

गाडी १९६७ सालची एमजीबी, उघड्या टपाची, दोन आसनांची. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या मॉडेलच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, त्यामुळे तिच्याविषयीची माहिती आणि सुटे भाग आजही मिळतात. इंजिन १७९८ सीसीचे, ९५ अश्वशक्तीचे, त्यावर एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारी यंत्रे. टाकी १२ ब्रिटिश गॅलनची, म्हणजे सुमारे साडेचोपन्न लिटरची. टाकीला ॲव्हरेजने गुणले की मामांचे उत्तर मिळावे. पण त्या गुणाकारासाठी अंतर सांगणारे मीटर, टाकीचा काटा आणि आत पडणारे पेट्रोल या तिन्हींवर विश्वास हवा, आणि या गाडीत तिन्हींपैकी एकही गोष्ट जशी दिसते तशी नव्हती.

मीटरपासून सुरुवात केली, कारण सर्वांत मोठा गोंधळ तिथेच होता. मामांकडे पूर्वी असलेल्या चालकाने पेट्रोलचा हिशेब एका लांबट वहीत फार नेटकेपणाने ठेवला होता आणि त्यात ॲव्हरेज कायम पाच-साडेपाच येत होते. घरातल्या सर्वांनी तो आकडा मान्य केलेला होता. इतकी जुनी गाडी, तीही शर्यतीच्या धाटणीची, तेव्हा ती पेट्रोल पिणारच, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात मीटर मैल मोजते. डायलवर बारीक अक्षरांत 'एम.पी.एच.' एवढेच छापलेले आहे आणि वहीत मात्र प्रत्येक आकड्यापुढे 'कि.मी.' लिहिलेले. शंभर मैलांना सव्वाअठरा लिटर पेट्रोल लागले आणि ते शंभर किलोमीटर समजले, की साडेपाचचे ॲव्हरेज निघते. त्याच वेळी गाडी १६१ किलोमीटर चाललेली असते.

हिशेब तिथेच संपत नाही. गाडीवर पूर्वी १५५ आर १४ मापाचे टायर होते. त्या मापाचे चांगले टायर इकडे सहज मिळत नाहीत म्हणून मामांनी स्विफ्टला बसतात ते १६५/८० आर १४ चढवले होते. जुन्या टायरचा व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर, नव्याचा ६२० च्या जवळपास. चाक अडीच टक्क्यांहून थोडे अधिक मोठे झाल्यामुळे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि मीटरला त्याची दाद नसते. कराड ते सातारा या सरळ महामार्गावर किलोमीटरचे दगड आणि मोबाइलचे जीपीएस यांच्याशी ताडून पाहिल्यावर ट्रिप मीटरचे १०० मैल म्हणजे रस्त्यावरचे १६५ किलोमीटर, हे प्रमाण मी कायम केले. वहीतले साडेपाच या एकाच दुरुस्तीने नऊवर आले. गाडीला अजून पान्हाही लागलेला नव्हता.

टाकीच्या काट्याचे काम अधिक वेळखाऊ होते. या गाडीत टाकी डिकीच्या तळाखाली आडवी बसते, आत तरंगणारा फ्लोट एका दांड्याने वर-खाली होतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. टाकी पसरट असल्यामुळे आणि दांडा कमानीत फिरत असल्यामुळे काट्याच्या सरकण्याचे आणि लिटरचे प्रमाण सर्वत्र सारखे राहत नाही. मिस्त्रींनी तळाचा नट काढून टाकी पूर्ण रिकामी केली, मापून पाच लिटर ओतले आणि आम्ही जवळच्या पंपावर गेलो. प्रत्येक पंपावर प्रमाणित पाच लिटरचे माप ठेवलेले असते आणि ग्राहकाला त्याने खात्री करून घेता येते. आम्ही आधी ती खात्री करून घेतली. मग पाच लिटर टाकायचे, गाडी ढकलत हवा भरण्याच्या जागेपर्यंत न्यायची, तिथे किल्ली फिरवायची, काटा स्थिर होऊ द्यायचा, त्याची जागा टिपायची आणि पुन्हा ढकलत मशीनपाशी यायचे. नोझलजवळ किल्ली फिरवणे योग्य नव्हते, कारण किल्ली फिरताच मागच्या बाजूचा विजेवर चालणारा पंप टकटक करू लागतो. दुपारची निवांत वेळ होती, म्हणून पंपावरच्या पोरांनी हे सहन केले. शेवटी शेवटी तर तीच उत्साहाने ढकलू लागली. काट्याला घाई करून चालत नाही, तो उष्णतेने वाकणाऱ्या पट्टीवर चालतो आणि अर्धा-पाऊण मिनिट सरकतच राहतो.

त्यातून जे कोष्टक निघाले ते मामांच्या खूप दिवसांच्या काळजीचे उत्तर होते. काटा 'फुल'वरून हलण्याआधीच जवळजवळ दहा लिटर संपलेले असतात. काटा अर्ध्यावर येतो तेव्हा टाकीत सत्तावीस नव्हे, बावीस लिटर असते. म्हणूनच "अर्ध्यानंतर काटा धाडकन पडतो" अशी त्यांची तक्रार असे. आणि काटा तळाला टेकल्यावरही सहा लिटर शिल्लक असतात, ज्यांतील शेवटचे थोडे पेट्रोल नळीच्या तोंडाखाली राहत असल्याने कधीच वर येत नाही. तळाचे ते सहा लिटर हिशेबातच धरायचे नाहीत, असे मी ठरवले. राहिले अठ्ठेचाळीस.

ॲव्हरेज मोजण्यासाठी टँक-टू-टँक, म्हणजे टाकी भरून निघायचे आणि पुन्हा भरताना किती लागले ते पाहायचे, हीच पद्धत खरी, मात्र तिच्यातही शिस्त लागते. तोच पंप, तेच मशीन, गाडी त्याच दिशेने उभी आणि पेट्रोल कमी दाबाने. या गाडीच्या भरणनळीत फेस येऊन नोझल लवकर ऑटो-कट होते, त्यामुळे फेस बसू द्यावा लागतो. तरीही दोन वेळच्या 'फुल'मध्ये एखाद्या लिटरचा फरक राहतोच. दहा लिटरवर मोजले तर तो फरक दहा टक्क्यांचा असतो, चाळीस लिटरवर मोजले तर अडीच टक्क्यांचा. पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकून ॲव्हरेज सांगणाऱ्यांचे म्हणणे मी आता हसून सोडून देतो.

यानंतर पेट्रोल. आज पंपावर मिळणारे साधे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि त्यातले बरेचसे इथेनॉल येते उसाच्या मळीतून किंवा रसातून. वाळवा-कराड पट्ट्यात राहणाऱ्याला ते कोठून येते हे वेगळे सांगायला नको. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. परंतु एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, म्हणून असे मिश्रण शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे सात टक्के कमी ऊर्जा देते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणावर जुळवलेल्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट सांगितलेली आहे. नव्या गाडीत धुराड्यातील सेन्सर मिश्रण ओळखतो आणि इंजेक्शन तेवढे वाढवतो. कार्बोरेटरला असे डोळे नाहीत. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या सेटिंगवर गाडी त्यामुळे सुमारे आठ टक्के लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालते.

मिस्त्रींनी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. "गाडी लीन चालतीया, सर. बघा की, चुन्यागत पांढरं पडल्यात." टोकावरचा चिनी मातीचा भाग खरोखरच पांढरा होता, तो फिकट तपकिरी हवा. लीन चालणारी गाडी पेट्रोल वाचवते असा समज आहे, तो काही अंशीच खरा आहे. आमची गाडी पेडल दाबताच अडखळायची, म्हणून चालवणारा अधिक दाबायचा, चोक गरजेपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवायचा, आणि वाचलेले सगळे त्यात जायचे.

एसयू कार्बोरेटरची रचना मला कायम आवडत आली आहे, कारण तिच्यात लपवलेले काही नाही. हवेच्या ओढीने एक पिस्टन वर उचलला जातो, त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोल येते त्या बारीक तोंडातून, बाहेर सरकते आणि जितकी सरकेल तितकी पेट्रोलची वाट मोठी होते. जेटखालचा नट फिरवून जेट खाली आणला की मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे, वर नेला की लीन. तपासण्यासाठी बाजूला एक छोटी पिन असते. तिने पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनचे फेरे वाढून तसेच राहिले तर मिश्रण रिच, इंजिन गुदमरले तर लीन, क्षणभर वाढून पुन्हा बसले तर बरोबर. आम्ही दोन्ही कार्बोरेटरचे नट सारख्या प्रमाणात, एका वेळी एकेक पैलू फिरवत आणले. त्याने आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतले इंजिनचे चालणे, सुधारले, पण वेगात प्लग पांढरेच राहत होते, कारण वेगातील मिश्रण सुईचा निमुळता आकार ठरवतो. म्हणून ५ क्रमांकाच्या सुया काढून त्याच इंजिनासाठी सांगितलेल्या, जरा रिच अशा ६ क्रमांकाच्या सुया बसवल्या. त्याच वेळी जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घातल्या. हे काम मायलेजसाठी नाही, आगीच्या भीतीने केले. या पेट्रोलचा एक फायदाही सांगितला पाहिजे. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची अवेळी पेट न घेण्याची क्षमता, वाढते, त्यामुळे चढावर पूर्वी येणारा टकटक असा नॉकिंगचा आवाज थांबला.

घाटाचा विचार मात्र स्वतंत्र करावा लागला. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. वर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि गाडी सांगलीपेक्षा चारेक टक्के रिच चालू लागते. इथेनॉलने जे लीन केले त्याच्या साधारण निम्मे उंची परत देते. सांगलीत अगदी काटेकोर जुळवले असते तर केळघर घाट चढल्यावर प्लग काळे झाले असते, म्हणून मी इथे नट एक पैलू लीन बाजूला ठेवला. मिस्त्रींना ते पटले नाही. इथले आयडलिंग किंचित खडबडीत राहते हा त्यांचा आक्षेप योग्यच आहे, पण गाडी मामांना सांगलीच्या सिग्नलवर उभी करण्यासाठी नको होती.

चालवण्याच्या पद्धतीने पडणारा फरक या सर्वांहून मोठा निघाला. चौथ्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा वरचा जादा गिअर, लावला की तेच २२०० च्या थोडे वर येते. महामार्गावर ओव्हरड्राइव्हमध्ये ८० ला टप लावून अकराचे ॲव्हरेज मिळाले, टप उघडून १०० ला गेले की साडेआठ. गळीत हंगामात आष्टा-इस्लामपूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगताना आठही मिळत नाही, आणि घाट चढताना सातच्या आसपास. या सगळ्यांची सरासरी काढून मामांना एकच आकडा देणे मला योग्य वाटले नाही. अठ्ठेचाळीस लिटर आणि साडेआठचे ॲव्हरेज धरून मी त्यांना "चारशे किलोमीटर बिनघोर" असे सांगितले, आणि काट्याचे कोष्टक डाव्या हाताच्या कप्प्यात चिकटवून दिले.

मामा-मामी दिवाळीनंतर जाऊन आले. परतल्यावर त्याच पंपावर, त्याच मशीनवर टाकी भरली. साधारण ३५५ किलोमीटरला अडतीस लिटर आणि थोडे वर, म्हणजे नऊच्या वर ॲव्हरेज. टाकीत सोळा लिटर शिल्लक होते. मामांचे म्हणणे एवढेच, की उतरताना कोष्टक वाचायला मामींना चष्मा लावावा लागला, अक्षर मोठे हवे होते.

आता प्रश्न पावसाळ्याचा आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि ओल वाढली की ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. लोखंडी टाकीला त्याने गंज धरतो. गाडी जून ते सप्टेंबर उभीच राहणार असल्याने टाकी अर्धी ठेवून चालणार नाही. मिस्त्रींच्या मते टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे ओलसर हवेला आत जागाच उरत नाही; माझ्या मते तळाचा नट काढून ती पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवावी. मामांनी रिकामी करण्याचा पर्याय निवडला आहे, निघालेले पेट्रोल त्यांच्या स्कूटरला चालेल या हिशेबाने.