घरच्या सीएनसी राउटरची साइज आणि डिझाइन ठरवताना: माझा अनुभव

सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारं कापायचं-कोरायचं मशीन, घरी बनवायचा म्हणलं की डोक्यात पहिलं येतं ते फुल शीटचं मशीन, म्हणजे 8 बाय 4 चा प्लाय आख्खा टाकायचा आणि स्टार्ट दाबायचं. माझंही तेच होतं. चिंचवडला आमच्या घरी खाली एक खोली रिकामी आहे, 10 बाय 11 ची. तिथं फरशीवर मास्किंग टेपने 8 बाय 4 काढलं, मग मोटरा, केबल चेन, गॅन्ट्रीचे (बेडवरून पुढे-मागे सरकणाऱ्या कमानीचे) पाय हे सगळं धरून बाहेरून दुसरा चौकोन काढला तो गेला साडेनऊ बाय साडेपाचवर, आणि उरलेल्या जागेत 30-35 किलोची शीट घेऊन दोन माणसं वळणार कुठून तेच कळेना. दादा दारात उभा राहून म्हणाला, मशीन बसेल रे, तू कुठं बसणार?

मग उलटं सुरू केलं. मशीन केवढं हवं ते सोडलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत मी खरंच काय कापणार ते वहीत लिहून काढलं. देवघराच्या जाळ्या, नेमप्लेट, ड्रॉवरच्या साइड, स्पीकरचे बॉक्स, आणि दादाच्या कामासाठी 10 एमएमच्या अॅल्युमिनियम प्लेटा. सगळ्यात मोठा आयटम निघाला कपाटाचं शटर, पण ते तर सरळ कट आहेत, भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून प्लाय घेतला तर तिथंच पॅनल सॉवर कापून मिळतात, त्यासाठी सीएनसी कशाला.

त्यातून एक आकडा हाती लागला. 8 बाय 4 ची शीट दुकानातच लांबीत उभी फाडून घेतली तर 2 फुटाच्या दोन पट्ट्या मिळतात, ब्लेडची जाडी जाऊन 608 एमएमच्या आसपास. म्हणजे मशीनची रुंदीतली मूव्हमेंट 650 ठेवली की पट्टी बसली, बिट (कापणारं पातं) बाहेर निघायला आणि क्लॅम्पला थोडी जागा पण मिळाली. लांबीला 950, आणि पुढची-मागची बाजू पूर्ण मोकळी, म्हणजे 8 फुटी पट्टी आत सरकवायची, पहिला भाग कापायचा, डॉवेल पिनवर पट्टी पुढं ढकलायची आणि पुढचा भाग कापायचा, असं तीन टप्प्यांत. या टाइलिंगला वेळ जातो हे खरंय, पण रोज 8 फुटी जॉब करणारा मी नाही.

लांबी कमी ठेवायला अजून एक कारण होतं, बॉलस्क्रू, म्हणजे मोटरने फिरून गॅन्ट्री सरकवणारा आटे असलेला दांडा. 16 एमएमचा स्क्रू लांब झाला की एका ठराविक आरपीएमला दोरीउडीसारखा झुलायला लागतो, आणि हा आरपीएम लांबीच्या वर्गाने खाली येतो, लांबी दुप्पट तर स्पीड चौथ्या हिश्शावर. 1200 च्या स्क्रूला माझ्या स्पीडमध्ये काही प्रॉब्लेम नाही. अडीच मीटरला मात्र रॅक-पिनियनवर (दातेरी पट्टी आणि गिअर) जावं लागलं असतं, मग गिअरबॉक्स, बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई), खर्च सगळंच वाढतं. पिच 10 चा, म्हणजे 1610 घेतला, मोटर 600 आरपीएमला फिरली तरी मिनिटाला 6 मीटर मिळतात आणि लाकडाला तेवढं पुरतं.

आता डिझाइन. जो तो गॅन्ट्रीच्या बीमबद्दलच बोलतो म्हणून मी पण आधी त्याचंच गणित केलं. 900 लांबीचा एमएस (साध्या स्टीलचा) पाइप, मधोमध 5 किलोचा रेटा धरला. 50 बाय 50, 5 एमएम जाडीचा पाइप साधारण 12 मायक्रॉन वाकतो, तोच 100 बाय 100 घेतला तर दीड मायक्रॉन पण नाही, आणि वजन मात्र दुपटीपेक्षा थोडंसंच जास्त. खूश झालो. मग सहज तेच गणित बिटला लावलं: 6 एमएमचा कार्बाइड बिट, कोलेटच्या (बिट पकडणाऱ्या चिमट्याच्या) बाहेर 40, फ्लूट (कापणाऱ्या खाचा) न धरता नुसती दांडी, तोच 5 किलोचा रेटा, तर 28 मायक्रॉन! म्हणजे मी ज्या बीमवर रात्री घालवत होतो त्याच्या कितीतरी पट बिटच वाकतोय. आणि बिट दुप्पट बाहेर काढला की आठपट वाकणार, 3 एमएमचा लावला की सोळापट.

तिथून सगळं ड्रॉइंग फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये बिटच्या टोकापासून वर काढत गेलो. 18 चा स्पॉइलबोर्ड (मालाखालचा फळा, बिट त्यात घुसला तरी चालतो), 18 चा किंवा फार तर 40 चा माल, क्लॅम्प, वरून बिट निघायला जागा, असं करत गॅन्ट्रीखाली 110 क्लिअरन्स आणि झेडला (वर-खाली) 120 ट्रॅव्हल. एका मित्राचं म्हणणं होतं की 250 ठेव, लाकडात गणपतीचा साचा कोरता येईल. पण क्लिअरन्स वाढला की बिटचं टोक बीमपासून तेवढंच खाली लोंबतं आणि तिथला प्रत्येक किलो बीमला पिळतो. पिळाला बंद सेक्शन चांगलं म्हणून चौकोनी पाइपच ठेवला, फक्त 150 उंचीचा केला कारण त्याने एक्सच्या (डावी-उजवीकडच्या) दोन रेलमधलं अंतर वाढतं. वाचलेले पैसे झेडमध्ये घातले, 20 एमएमची प्लेट आणि 20 साइजच्या रेलवर सरकणारे चार ब्लॉक, बसतील तेवढे लांब लांब. गणपतीसाठी बेड नटबोल्टवर खाली उतरवता येईल अशी सोय केलीये, बघू कधी लागते का.

भोसरीला एका फॅब्रिकेटरकडे ड्रॉइंग घेऊन गेलो. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, पाइप वेल्ड केला की ओढतोच, रेल डायरेक्ट पाइपवर बसवू नका." म्हणून जिथं रेल येणार तिथं 12 च्या पट्ट्या वेल्ड करायच्या, फ्रेम स्ट्रेस रिलीव्ह करायची (वेल्डिंगचा ताण काढायचा) आणि मग प्लॅनो मिलरवर (मोठ्या मिलिंग मशीनवर) एकाच सेटिंगमध्ये सगळ्या पट्ट्या मारून घ्यायच्या असं ठरलं. मिलिंगचा तासाचा रेट ऐकून जरा घाम फुटला, पण इपॉक्सी ओतून लेव्हल करत बसायचा पेशन्स माझ्याकडे नाही. हो, आणि बेस व गॅन्ट्री बोल्टने सुटतात असं आधीच केलंय. मशीन बाहेरून मीटरभर रुंद आणि खोलीचं दार 30 इंची, बेस कडेवर उभा करूनच आत जाईल.

वायला (लांबीच्या दिशेला) दोन्ही बाजूंना स्क्रू आणि दोन मोटरा, नेमा 23 साइजच्या. प्रत्येक बाजूला वेगळा होमिंग स्विच (सुरुवातीची जागा ओळखणारा), म्हणजे गॅन्ट्री दर वेळी आपोआप काटकोनात येते. साध्या जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये हे मुळात चालू नसतं, सेटिंग बदलून परत कंपाइल करावं लागतं, म्हणून फ्लुइडएनसी टाकणार.

स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या मोटरवर) घरात जरा चर्चा झाली. 2.2 किलोवॅटचा घ्यायचा तर त्याला गिझरसारखी 16 अँपिअरची वेगळी लाइन लागते, आणि 80 एमएमच्या त्या धुडाचं वजन झेडवर येतं. 1.5 चा वॉटर कूल्ड फायनल केला, 24000 आरपीएम, व्हीएफडी (स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) सिंगल फेजवर चालतो आणि पंख्याचा आवाज नाही, कापण्याचा आवाज तर असणारच, म्हणून शेजारच्या काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय की दुपारी 1 ते 4 मशीन बंद. धुळीचं अजून ठरायचंय, एमडीएफची भुकटी फार बारीक असते, सायक्लोन (धूळ वेगळी करणारा) खोलीत ठेवायचा की बाहेर पत्र्याखाली, यावर दादाचं आणि माझं अजून जमलेलं नाही.