भाषांतर झालं ना, मग अजून काय उरलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी आईनं विचारलं, नागपूरच्या बर्डीवर भेटलेल्या जुन्या मैत्रिणीनंही तेच विचारलं: एका इंग्रजी प्रश्नावलीची २८ वाक्यं मराठीत आणायला असा कितीक वेळ लागतो? आठवडा लागला. पुढचे सात महिने त्या वाक्यांचं मराठी पोरांना कळतं का, हे बघण्यात गेले.

प्रश्नावलीचं नाव 'ब्रीफ कोप'. चार्ल्स कार्व्हर यांनी १९९७ साली ती मांडली. ताण आला की माणूस काय काय करतो त्याच्या १४ तऱ्हा, प्रत्येकीला दोन वाक्यं, आणि 'अजिबात नाही' पासून 'खूप' पर्यंत चार उत्तरं. एकीनं मराठी केलं, मूळ न पाहिलेल्या दुसरीनं ते परत इंग्रजीत नेलं. दोन्ही इंग्रजी छान जुळली. मी खूश.

मग पोरांना एकेक करून बसवलं. वाक्य वाचायचं आणि काय समजलं ते मोठ्यानं सांगायचं. 'प्रार्थना किंवा ध्यान' या वाक्यावर एक मुलगी अडली. "मॅडम, आम्ही वंदना घेतो. ती प्रार्थनेत धरायची का?" दरवर्षी दीक्षाभूमीची गर्दी बघत मोठी झालेली मी, आणि मला हे सुचलं नव्हतं!

मूळ वाक्यांचा काळ म्हणजे आणखी एक डोकेदुखी. सध्या चालू असलेल्या गोष्टीबद्दल ती विचारतात. 'मी स्वतःला दोष देत आलो आहे' असं लिहिलं की जन्मभराचं रडगाणं वाटतं. शिवाय आलो की आले, हा घोळ वेगळाच. एका पोरानं वाक्य वाचलं नि म्हणाला, "म्हणजे मी आजकाल स्वतःलेच दोष देऊन राहिलो, असंच ना?" असंच! आपल्या नागपुरी बोलीत हा काळ आयता आहे. पण छापील कागदावर 'देऊन राहिलो' चालणार नाही म्हणतात. पुण्याचा पोरगा हसेल म्हणे. हसू दे की.

पुढे आकडेमोड आहेच. एका तऱ्हेची वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा म्हणजे क्रॉनबॅक अल्फा. तो ०.७० च्या वर हवा असा दंडक. वाक्यं कमी असली की तो आकडा खाली येतो, आणि इथे गटात दोनच वाक्यं. असो, ते संगणक बघतो.

मला छळतं ते दारू आणि इतर नशेचं वाक्य. पहिल्या फेरीत सगळ्यांचं उत्तर 'अजिबात नाही'. मॅडमसमोर कोण लिहिणार? म्हणून नाव न लिहिता बंद पाकिटात कागद घेतले. तरी एकजण दारात रेंगाळला. खिशातून खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाची, पन्नी डोकावत होती.

"मॅडम, खर्रा नशेत येते काय?"

"तुला काय वाटतं?"

"पेपरच्या आदल्या दिवशी दोन-तीन होतेत. डोकं शांत राहते. पण नशा नाही ना ते." त्यानं 'अजिबात नाही' वरच खूण केली होती.

आता वाक्यात खर्रा घालायचा की नाही, यावर आम्ही अडलोय. घातला तर मूळ वाक्य बदलतं. नाही घातला तर तो पोरगा सुटतो.